घालतानाच काढण्याचा दिवस ठरवा : तात्पुरत्या कुंपणाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

भातकापणी आटोपून परडी (घरालगतच्या बागा) आणि मळे भाजीपाल्यासाठी तयार होऊ लागले की कुंपणाविषयीची पत्रे वाढू लागतात. या वेळच्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेकांनी कुंपण घालावे कसे एवढेच विचारले आहे. ते काढावे केव्हा आणि कसे, हे एकाच वाचकाने विचारले. तात्पुरत्या कुंपणाचे निम्मे काम काढण्याचे असते आणि त्याची तजवीज पहिला खड्डा मारतानाच करावी लागते, अशी माझी खात्री असल्यामुळे प्रश्नात नसले तरी बहुतेक उत्तरांत तो भाग आवर्जून घातला आहे.

प्रश्न : भात कापल्यानंतर अर्ध्या एकरात चवळी, वाल आणि थोडी पालेभाजी करतो. दरवर्षी चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या पुरून जाळी बांधतो, पण पौषापर्यंत काठ्या कलतात आणि मोकाट गुरे आत शिरतात. खर्च फारसा न वाढवता हे कुंपण हंगामभर उभे कसे राहील? (लांजा तालुका)

उत्तर : आधी हिशेब मांडू. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. जागा चौरस असेल तर बाजू साधारण ४५ मीटर आणि परिघ १८० मीटर येतो. दोन-दोन मीटरवर खांब धरले तर नव्वद खांब लागतात. या नव्वदांपैकी खरा भार चार कोपऱ्यांचे खांब आणि बेड्याच्या (सरकत्या वाशांच्या फाटकाच्या) दोन बाजूंचे दोन खांब एवढेच घेतात. मधले खांब केवळ जाळी उभी धरतात. आपले कुंपण कलते आहे ते बहुधा मधल्या काठ्या बारीक असल्यामुळे नव्हे, तर कोपरे ढिले असल्यामुळे. म्हणून सगळ्या काठ्या जाड घेण्यात पैसे घालू नयेत. सहा खांब मात्र चांगले घ्यावेत, मनगटाहून जाड, केवळ वीतभर न पुरता निदान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट खोल. मधल्या काठ्यांना ४५ सेंटिमीटर पुरतात.

कोपऱ्याच्या खांबाला टेका द्यावा लागतो, आणि तो कोणत्या बाजूने द्यायचा याचा गोंधळ फार जणांचा होतो. ताणलेली तार किंवा जाळीची दोरी खांबाला कुंपणाच्या आतल्या दिशेला ओढत असते. म्हणून तिरका टेका त्याच दिशेला, कुंपणाच्या रेषेत लावावा, म्हणजे खांब त्याच्यावर रेलून राहतो. कोपऱ्यावर रेषा दोन, म्हणून टेकेही दोन. बाहेरून दोरीचा ताण देणे हाही उपाय आहे, पण त्या दोरीत गुरे आणि माणसे दोघेही अडखळतात.

खड्डा भरण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. खांब उभा करून सगळी माती एकदम लोटली तर ती वरूनच दबते आणि तळाशी पोकळी राहते. मूठभर जांभ्याच्या कपऱ्या, त्यावर किंचित ओलसर माती, असे वीतभर थर घालून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठेचावा. भातखाचरातील माती कापणीनंतर ओली असते आणि उन्हे वाढली की आकसते, त्यामुळे खांबाभोवती फट पडते. पंधरा-वीस दिवसांनी एक फेरी मारून या फटी पुन्हा ठेचून घेतल्या तर पौषातले कलणे बहुतेक थांबते. याच फेरीत गाठीही तपासाव्यात, कारण ओला बांबू वाळताना बारीक होतो आणि घातलेला बंध आपोआप सैल पडतो.

जाळी खांबाच्या कोणत्या अंगाला बांधावी हा लहानसा वाटणारा मुद्दा मी सर्वांत आधी पाहतो. भार ज्या बाजूने येणार त्या बाजूला जाळी आणि आडव्या काठ्या असाव्यात. गुरे बाहेरून रेटणार असतील तर आडव्या काठ्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे रेटा थेट खांबावर जातो. त्या आतल्या अंगाला बांधल्या तर सगळा रेटा गाठींवर येतो आणि गाठ सुटली की कुंपण गेले.

उंची चार फूट म्हणजे सव्वा मीटर गुरांसाठी पुरते. सर्वांत खालची काठी जमिनीपासून वीतभरच्या आत असावी, कारण रानडुक्कर सहसा वरून उडी मारत नाही, खालून मुसंडी मारते. खालच्या पट्ट्यात आपली जुनी वई, म्हणजे काटेरी फांद्यांचे कुंपणच उत्तम. करवंद, हेकळ, चिल्हार, बोर यांच्या फांद्या बुंधे आत आणि शेंडे बाहेर ठेवून दाबून बसवाव्यात. माकडे आणि वानरे मात्र कोणत्याही साध्या कुंपणाने थांबत नाहीत, त्यासाठी यावर खर्च करू नये हे स्पष्टपणे सांगतो.

बेडे नीट घाला. चांगल्या वईतून गुरे आत शिरली असे कानावर आले की दहापैकी बहुतेक वेळा संध्याकाळी बेड्याचा एक वासा लावायचा राहिलेला असतो. वासे सरकते ठेवावेत आणि त्यांची टोके खांबाच्या भोकांतून निदान हातभर बाहेर यावीत.

प्रश्न : आमची हापूसची नवी कलमे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहेत. कातळात खड्डा मारणे परवडत नाही. शिवाय जागेच्या एका टोकाला कातळशिल्प (कातळात कोरलेली जुनी आकृती) दिसले आहे. ते गुरांच्या आणि गाड्यांच्या वाटेत येते. त्यालाही तात्पुरते कुंपण घालावे असे वाटते. (राजापूर तालुका)

उत्तर : प्रथम कलमांचे पाहू. कातळावर खांब पुरायचा नसतो, बसवायचा असतो. दोन पद्धती मला खात्रीच्या वाटतात. पहिली तिपाईची : दोन मीटर लांबीच्या तीन काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधायच्या, पाय एकमेकांपासून पाऊण मीटर फाकवायचे, पायांना वीतभर उंचीवर आडव्या काठ्या बांधून त्यांवर जांभ्याचे दगड रचायचे. दुसरी डब्याची : तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यात खांब उभा करून भोवती दगड आणि चिखल ठासायचा. असा डबा पंचवीस-तीस किलोंचा होतो आणि दोन माणसे तो उचलून हलवू शकतात. सिमेंट काँक्रीट घातले तर तो चाळीस किलोंच्या घरात जातो. अधिक भक्कम, पण काढताना खांब डब्यासकटच न्यावा लागतो.

या दोन्ही पद्धतींत कुंपणाची रेषा सरळ ठेवू नये. दर तिसऱ्या खांबाला ती थोडी आत, थोडी बाहेर अशी नागमोडी न्यावी. सरळ रेषेतील बैठे कुंपण एका धक्क्याने आडवे होते. वाकणे घेतलेले कुंपण स्वतःच्याच आधाराने उभे राहते. जाळी फार ताणू नये. कलमे थोडी असतील तर सगळ्या जागेला वेढा घालण्यापेक्षा प्रत्येक कलमाभोवती चार काठ्यांचा पिंजरा करणे स्वस्त पडते. आणि सड्यावरचे गवत वाळल्यावर वणव्याची भीती असते : नायलॉनची जाळी आणि वाळका बांबू दोन्ही भडकतात, म्हणून कुंपणाच्या बाहेर दोन-तीन मीटरचा पट्टा पौषाआधी गवत काढून मोकळा ठेवावा.

आता कातळशिल्पाचे. आपण लिहिले याचा मला मनापासून आनंद झाला. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्या यादीतील बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही ठिकाणे आपल्याच तालुक्यातील आहेत. कुंपणाआधी राज्य पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. तोवर जे करायचे ते खड्डा न मारता, ड्रिल न लावता आणि काँक्रीट न ओतता करायचे. डब्याचे खांब येथे योग्य, पण डबे भरण्याचे दगड त्याच कातळावरून उचलू नयेत. तेथील लहान कपरीही पुराव्याचा भाग असू शकते. कुंपणाची रेषा दिसणाऱ्या आकृतीच्या कडेला चिकटून न घेता निदान चार-पाच मीटर बाहेरून घ्यावी, कारण आकृतीचा काही भाग माती-गवताखाली दडलेला असण्याची शक्यता मोठी असते. लोखंडी डबा असेल तर खाली जाड गोणपाट घालावे, नाहीतर गंजाचा डाग कातळात उतरतो. आकृती उठून दिसावी म्हणून खडूने किंवा चुन्याने रेषा भरण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये.

प्रश्न : घराचे बांधकाम सुरू आहे. शेजारची मुले आणि गुरे आत येऊ नयेत म्हणून पत्र्यांचे कुंपण उभे केले आहे. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे. ते मे महिन्यातील वाऱ्यात टिकेल का? (गुहागर)

उत्तर : पत्रा वाऱ्याला वाट देत नाही, त्यामुळे तो शिडासारखे काम करतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा सपाट पृष्ठभागावर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २४ किलो भाराइतका दाब देतो. आपला एक पत्रा २.४ मीटर लांब आणि १.८ मीटर उंच धरला तर त्यावर शंभर किलोंहून अधिक रेटा येतो, आणि तो साधारण मध्यावर, म्हणजे जमिनीपासून तीन फुटांवर लागतो. पत्र्याचा पाय वाऱ्याच्या बाजूला पाऊण मीटर पुढे आलेला असेल, तर पत्रा उलथू नये म्हणून त्या पायाच्या टोकावर पंचवीस किलोंच्या पाच गोण्या लागतात. एका पत्र्याला पाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे वादळात गोण्यांचा उपाय उरतच नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर वर्षही होत नाही तोच, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले. दोन्ही वेळा उडणारे पत्रे हा मोठा धोका होता. म्हणून मेच्या मध्यापर्यंत पत्रे उतरवून त्यांच्या जागी हिरवी जाळी किंवा वेल्डमेश लावावी, जिच्यातून वारा पार होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्रात पुन्हा वादळे उठतात, तेव्हाही हीच काळजी. पत्रे ठेवायचेच असतील तर खांब पुरलेले हवेत आणि मागे टेके हवेत; वादळाची सूचना मिळाल्यावर एका तासात पत्रे उतरवता येतील अशा हुकांनी किंवा नटबोल्टने ते बसवावेत, खिळ्यांनी नव्हे.

शोषखड्डा किंवा विहीर खणली असेल तर त्याच्या कडेपासून कुंपण निदान खड्ड्याच्या खोलीइतके दूर ठेवा. जांभ्याची माती कोरडी असताना सरळ उभी राहते आणि पहिल्या पावसात कडेसकट खचते.

प्रश्न : बंदरावर जुनी मासेमारीची जाळी स्वस्त मिळते. तिचे कुंपण चालते का? मागच्या वर्षी तिच्यात दिवड अडकून मेली, त्याचे वाईट वाटले. (वेंगुर्ला)

उत्तर : चालते, पण अटींवर. किनाऱ्यावरच्या अर्ध्याअधिक परड्यांना ही जाळी लागलेली आपण पाहतो आणि तिचा पुनर्वापर होतो हे चांगलेच आहे. मात्र बारीक धाग्याची, विशेषतः एकेरी तंगूसची (नायलॉनच्या एकाच धाग्याची) जाळी कुंपणाला मुळीच वापरू नये. तिच्यात साप, घोरपड, मुंगूस अडकतात; साप पुढे सरकू शकतो, पण खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही आणि सुटण्याच्या धडपडीत धागा कातडीत रुततो. जाड पिळाची, ट्रॉलची जाळी घ्या, आणि जमिनीलगतचा हातभर पट्टा जाळीविना ठेवून तेथे चिव्याच्या काठ्या किंवा वईच्या फांद्या लावा. सैल, लोंबती जाळी सर्वांत घातक. ती ताणलेली असली पाहिजे. सकाळी एक फेरी मारावी. साप जिवंत अडकलेला असेल तर स्वतः हात घालू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवावे.

उन्हाने नायलॉन दोन-तीन हंगामांत ठिसूळ होते. हाताने ओढल्यावर तुटू लागली की जाळी काढून टाकावी. ती समुद्रात किंवा खाडीत टाकली तर तेथे ती मासे आणि कासवे पकडत राहते. जाळली तर विषारी धूर होतो. तुकडे न करता गुंडाळी करून भंगारात द्यावी.

प्रश्न : शेजारी रात्री रानडुकरांसाठी तारेत थेट घरची वीज सोडतो. सोलर कुंपणही तसेच असते असे तो म्हणतो. (दोडामार्ग)

उत्तर : तसे मुळीच नाही, आणि हे त्याला आजच सांगितले पाहिजे. सोलर कुंपणाचे यंत्र साधारण दर सेकंदाला एक अतिशय सूक्ष्म काळाचा झटका देते. मधल्या वेळात तार मृत असते, त्यामुळे जनावर दचकून मागे हटते. घरची २३० व्होल्टची वीज अखंड वाहते, स्नायू आखडतात आणि तार हातातून सुटत नाही. अशा तारेने माणसे मेली आहेत, गुरे आणि वन्य प्राणी मेले आहेत. ही वीजचोरी ठरू शकते, वन्यप्राणी मेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा होतो, आणि माणूस दगावला तर मनुष्यवधाचा. आधी त्याला समजावा. ऐकले नाही तर १९१२ वर महावितरणला कळवा. शेजारधर्म मोडेल म्हणून गप्प राहू नका.

सोलर कुंपण तात्पुरते घालायचे असेल तर सर्वाधिक लक्ष अर्थिंगकडे द्यावे. मार्च-एप्रिलात कातळी जमीन कोरडी ठणठणीत होते आणि झटका लागतच नाही. तीन सळ्या तीन-तीन मीटर अंतराने, शक्य तर नेहमी ओल राहणाऱ्या जागी, ठोकाव्यात. तारेला गवत टेकू देऊ नये आणि वाटेच्या बाजूला फलक लावावेत.

प्रश्न : गावच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांसाठी यंदा हॅचरी करायची आहे. वाळूत कुंपण टिकत नाही. काय करावे? (दापोली तालुका)

उत्तर : ऑलिव्ह रिडले कासवाला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, म्हणून अंड्यांना हात लावण्याआधी वनविभागाची परवानगी आणि त्यांनी शिकवलेली माणसे हवीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ च्या सुमारास हे काम सुरू केले; तेथील ग्रामस्थांकडून एक-दोन दिवस शिकून येणे हा सर्वांत चांगला मार्ग.

कुंपणापुरते सांगतो. जागा भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेच्या वर घ्यावी. कोरडी वाळू खांबाला धरत नाही, ओली धरते. म्हणून खांब हातभर खोल नव्हे, तर पाऊण ते एक मीटर, ओल लागेपर्यंत खाली न्यावा, आणि भरताना पाणी ओतत ठासावा. कोपऱ्याच्या खांबाला बाहेरून दोरीचा ताण देऊन तिचे दुसरे टोक वाळू भरलेल्या गोणीला बांधावे आणि गोणी अर्धा मीटर खोल पुरावी. वर मी ताणाच्या दोरीविरुद्ध लिहिले आहे. वाळूत टेका रुतत जातो, म्हणून येथे तो अपवाद.

जाळीची खालची कड फूट-दीड फूट वाळूत पुरावी, नाहीतर कुत्रे आणि कोल्हे उकरून आत येतात आणि खेकडे खालून शिरतात. सारे खांब अंडी आणण्याआधीच ठोकून घ्यावेत; घरटी झाल्यावर हॅचरीत घण मारू नये. वरून ताडपत्री किंवा गर्द सावली घालू नये. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, वाळू अधिक तापली तर माद्या अधिक होतात. कुंपणाच्या सोयीसाठी आपण तो समतोल बदलायचा नाही. रात्री दिवा नको.

अंडी पंचेचाळीस ते साठ दिवसांत फुटतात. शेवटचे घरटे तपासून झाल्याशिवाय कुंपणाचा एकही खांब हलवू नये, पण त्यानंतर मात्र उशीरही करू नये. पावसाळी भरती पुरलेली जाळी ओढून नेते, आणि ज्या कासवांसाठी ती लावली त्यांच्याच गळ्यात ती पडते. जाळी ओढून काढू नये. कडेने वाळू उकरून पूर्ण लांबी मोकळी करावी आणि घातलेली व काढलेली लांबी मोजून जुळवावी.

प्रश्न : शिमग्यात पालखी नाचते तेव्हा सहाणेभोवती (पालखी बसते त्या चौथऱ्याभोवती) गर्दी आवरत नाही. बांबूचे बॅरिकेड कसे घालावे? (संगमेश्वर तालुका)

उत्तर : येथे भार गर्दीच्या बाजूने येतो, म्हणून आडवे बांबू गर्दीच्या अंगाला, खांब पालखीच्या अंगाला. उंची छातीपर्यंत नव्हे, कमरेच्या थोडी वर. आडव्या बांबूंची टोके खांबाच्या पुढे आलेली असतील तर ती कापून गोणपाट बांधावे. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला तीच येतात. वेढा पूर्ण बंद करू नये. दर दहा-बारा मीटरवर दोन माणसे शेजारी-शेजारी जातील एवढी वाट ठेवून तेथे दोरी धरून एक जबाबदार मुलगा उभा करावा. गाठी सुंभाच्या असाव्यात, तारेच्या नव्हेत, आणि प्रत्येक बाजूला एकाच्या कंबरेला कोयती असावी, म्हणजे चेंगराचेंगरीची वेळ आली तर बंध एका घावात तोडता येतो. होमाच्या जवळ नायलॉनची दोरी नको. पालखी सहाणेवर बसली तरी गर्दी पांगेपर्यंत काढायला घेऊ नये. अर्धवट सुटलेल्या बांबूंमध्ये अंधारात पाय अडकतात.

प्रश्न : चुलतभावाने 'तात्पुरते' म्हणून आमच्या वहिवाटीच्या पाखाडीवर (पायवाटेवर) वई घातली आहे. (कणकवली तालुका)

उत्तर : वई घातल्याने हद्द सिद्ध होत नाही, ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने ठरते. वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालून बोलून पाहा, पण ती मुदत हातची जाऊ देऊ नका. वई स्वतः तोडायला जाऊ नका.

प्रश्न : हंगाम संपल्यावर कुंपण काढताना दरवर्षी निम्म्या काठ्या मोडतात आणि जाळी फाटते. नीट काढण्याची काही पद्धत आहे का? (देवगड तालुका)

उत्तर : आपले पत्र पाहून मला विशेष बरे वाटले. काढण्याचा दिवस वैशाखातला ठरवावा, मृगाच्या तोंडावरचा नव्हे. मृगाची चाहूल लागली की पेरणीची घाई होते, माणसे मिळत नाहीत आणि पहिल्या सरीनंतर कुंपण तसेच सोडून दिले जाते. मग खांबाचा जमिनीतला भाग कुजतो, वाळवी लागते आणि पुढच्या वर्षी सगळे नवे आणावे लागते.

क्रम घालण्याच्या उलट असावा. आधी बेडे, मग जाळी, मग आडव्या काठ्या, मग मधले खांब, आणि कोपरे सर्वांत शेवटी. कोपरे आधी काढले तर ताण सुटून जाळी गोळा होते आणि काठ्यांच्या टोकांवर फाटते. आपली जाळी फाटते ती बहुधा यामुळेच. जाळी काढताना वेल आणि गवत हाताने सोडवावे, ओढू नये. एका टोकाला काठी बांधून तिच्यावर जाळी गुंडाळत जावे आणि प्रत्येक गुंडाळीला तिची लांबी व बाजू लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

खांब डावीकडे-उजवीकडे हिसके देऊन काढला की जमिनीच्या पातळीला मोडतो. आदल्या संध्याकाळी बुडाशी कळशीभर पाणी ओतून ठेवावे. सकाळी खांबाला जमिनीलगत दोरीचा फास घालावा, तो पहारीत अडकवावा, पहारीखाली एक चिरा ठेवून दुसरे टोक दाबावे. खांब सरळ वर उचलला जातो. कातळी भागात दोनदा-तीनदा फास खाली सरकवावा लागतो, पण मोडत नाही. घालतानाच खांबाच्या बुडाला वीतभर वर आडवी खाच ठेवली असेल तर फास घसरत नाही.

खड्डे त्याच दिवशी भरावेत. एका वर्षी आमच्या परड्यात मी हे काम उद्यावर टाकले, रात्री वळवाचा पाऊस पडून खड्डे पाण्याने भरले आणि वरून जमीन सपाट दिसू लागली. सकाळी शेजाऱ्यांची पाडी त्यात पाय जाऊन लंगडी झाली. ती बरी झाली, पण तीन महिने तिच्या मागून चालताना माझी मान वर होत नव्हती. तेव्हापासून काढलेले खांब मोजतो आणि भरलेले खड्डेही मोजतो. नव्वद खांब निघाले असतील तर नव्वद खड्डे भरलेले दिसले पाहिजेत. तारेचे तुकडे आणि खिळे गोळा करण्यासाठी दोरीला बांधलेले जुन्या स्पीकरचे चुंबक जमिनीवरून ओढत न्यावे. चाऱ्यासोबत गुराच्या पोटात गेलेली तार पुढे काळजापर्यंत रुतू शकते.

काठ्या मांगरात (शेतावरच्या खोपटात) ठेवण्याआधी चार दिवस उन्हात उभ्या वाळवाव्यात. चांगल्या काठ्यांचे बूड डांबरात बुडवून पुन्हा वाळवले तर वाळवी लांब राहते. नव्या काठ्या वाहत्या वहाळात तीन-चार आठवडे बुडवून ठेवल्या की त्यांतील पिष्ट धुपते आणि भुंगा कमी लागतो. आपल्याकडे अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडण्याची रीत आहे, पण माझा अधिक विश्वास बुडवण्यावर आहे. जमिनीत राहिलेला, काही न लावलेला बांबू एक-दोन वर्षांपलीकडे जात नाही, तेव्हा कुजलेली टोके तोडून आखूड झालेल्या काठ्या फेकू नका. त्या पुढच्या वर्षी आडव्या बांधायला किंवा जून महिन्यात तरव्याभोवती (भाताच्या रोपांभोवती) लावायला येतात. मांगरात रचताना जमिनीला न टेकवता दोन वाशांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचाव्यात, आणि कोपऱ्यांचे आणि बेड्याचे मिळून सहा खांब वेगळे, सर्वांत वर ठेवावेत, कारण कार्तिकात पहिल्यांदा तेच लागतात.